वाऱ्याचा आडोसा : कानामागील एक बिंदू

कानाची पाळी बोटाने किंचित पुढे सारली आणि तोंड उघडले, की पाळीच्या मागे एक खळगा हाताला लागतो. मागच्या बाजूस कानामागचे टणक हाड, पुढच्या बाजूस खालच्या जबड्याची कड, आणि या दोहोंच्या मध्ये ही मऊ जागा. तेथे जरा जोराने दाबले तर एक बोथट कळ थेट कानाच्या आतपर्यंत जाते. चिनी वैद्यकात या जागेला ‘यीफेंग’ असे नाव आहे. ‘फेंग’ म्हणजे वारा. ‘यी’ या अक्षराचा मूळ अर्थ पिसांचा पडदा किंवा पिसांचे छत्र. कानाची पाळी त्या खळग्यावर पडद्यासारखी लोंबते आणि वाऱ्याला आत शिरू देत नाही, असा या नावाचा भाव. मराठीत त्याला ‘वाऱ्याचा आडोसा’ म्हणता येईल.

चिनी वैद्यांनी वाऱ्याला रोगांचा म्होरक्या मानले. थंडी, दमटपणा, उष्णता हे दोष शरीरात शिरतात ते वाऱ्याच्या पाठीवर बसून, आणि वारा शिरतो तो मुख्यतः मानेमागून व कानामागून, अशी त्यांची धारणा होती. म्हणूनच या परिसरातील बिंदूंची नावे वाऱ्याने भरलेली आहेत. कवटीच्या तळाशी, मानेच्या दोन जाड स्नायूंच्या बाजूला असलेला बिंदू ‘फेंगची’, म्हणजे वाऱ्याचे तळे; मानेच्या मधोमध वरच्या टोकाला असलेला ‘फेंगफू’, म्हणजे वाऱ्याचा वाडा.

मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटू नये. एखाद्याला पक्षाघात झाला तर ‘अंगावरून वारे गेले’ असेच मराठीत म्हणतात. पौषातल्या पहाटे मंदिरात किंवा स्थानकात निघालेल्या नातवाच्या कानावर मफलर गुंडाळणारी आजी ‘कानाला वारं लागेल’ म्हणते, तेव्हा ती न शिकता यीफेंगचाच सिद्धान्त सांगत असते. आयुर्वेदाने तोंड वाकडे होण्याच्या व्याधीला ‘अर्दित’ हे नाव देऊन तिची गणना चरकसंहितेतील ऐंशी वातविकारांत केली. दोन संस्कृतींनी एकाच व्याधीचे खापर वाऱ्यावर फोडले.

मात्र त्याच जागेकडे पाहण्याची दृष्टी दोन्हीकडे भिन्न आहे. सुश्रुतसंहितेत शरीरातील १०७ मर्मे सांगितली आहेत. त्यांत ‘विधुर’ नावाचे मर्म कानाच्या मागे व खाली आहे, आणि तेथे आघात झाल्यास बहिरेपण येते असे म्हटले आहे. सुश्रुत हा शल्यविद्येचा आचार्य. त्याच्या लेखी मर्म म्हणजे शस्त्र जपून चालवण्याची, शक्य तर टाळण्याची जागा. चिनी वैद्याने जवळपास त्याच ठिकाणी बहिरेपणावर उपाय म्हणून सुई टोचली. एकाने जागा जपायला सांगितली, दुसऱ्याने वापरायला. परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन्ही सूचना एकाच निरीक्षणातून निघाल्या असाव्यात : कानामागच्या या लहानशा खळग्यात काहीतरी महत्त्वाचे दडले आहे.

चिनी परंपरेतील ज्या ग्रंथाने या बिंदूंची व्यवस्थित मांडणी केली, त्याच्या कर्त्याची कथा येथे सांगण्याजोगी आहे. हुआंगफू मी (इ. स. २१५–२८२) हा मूळचा वैद्य नव्हे, पुस्तकांत बुडालेला पंडित. चाळिशीनंतर त्याला वातव्याधीने गाठले आणि त्यातच शंभर दिवस कानांनी ऐकू येईनासे झाले, असे त्याने स्वतःच ग्रंथाच्या प्रस्तावनेत नोंदवले आहे. त्या काळचे उपचार त्याला उथळ वाटले. तेव्हा त्याने उपलब्ध असलेले जुने ग्रंथ एकत्र केले, त्यांतील पुनरुक्ती काढली आणि सुया व अग्निकर्म यांवरील ‘जेनच्यू च्याई चिंग’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात ३४९ बिंदूंची स्थाने दिली आहेत; यीफेंग त्यांपैकी एक. पुढे ही संख्या वाढत जाऊन आज ३६१ बिंदू प्रमाण मानले जातात. त्या प्रत्येकाचे स्थान मोजायचे ते रुग्णाच्याच मापाने. अंगठ्याच्या सांध्याची रुंदी म्हणजे एक ‘त्सुन’, चार बोटे जुळवून होणारी रुंदी म्हणजे तीन त्सुन. आयुर्वेदातील स्वांगुल मापाशी याचे साम्य उघड आहे. उंच माणसाला आणि ठेंगण्या माणसाला एकच फूटपट्टी लावायची नाही, एवढे शहाणपण दोन्हीकडे होते.

बिंदू अचूक सापडणे ही या विद्येची कसोटी. १०२७ साली सोंग राजवटीत वांग वेईयी या राजवैद्याच्या देखरेखीखाली माणसाच्या उंचीचे काशाचे दोन पुतळे ओतण्यात आले. त्यांवर बिंदूंच्या जागी बारीक छिद्रे होती. परीक्षेच्या वेळी पुतळ्याला बाहेरून मेण चोपडत आणि आत पाणी भरत. विद्यार्थ्याने सुई टोचायची. जागा बरोबर असेल तर थेंब बाहेर येई, चुकली तर सुई आतच शिरत नसे. परीक्षकाला मत देण्याची गरजच उरत नसे. तोलकाट्यावर विश्वास ठेवणाऱ्या व्यापारी घरांना ही पद्धत पटावी.

यीफेंग हा ‘सानच्याओ’ या वाहिनीवरील सतरावा बिंदू. ही वाहिनी अनामिकेच्या नखाजवळून निघते, मनगटाच्या व कोपराच्या मागच्या बाजूने खांद्यावर चढते, मानेवरून कानामागे येते, कानाला वळसा घालते आणि भुवईच्या बाहेरच्या टोकाला संपते. ज्या ‘सानच्याओ’ अवयवाची ही वाहिनी, त्याला नाव आहे पण रूप नाही, असे चिनी ग्रंथच सांगतात. शवविच्छेदनात तो सापडत नाही. वाहिन्याही सापडत नाहीत. कानात आवाज येणे, कमी ऐकू येणे, दातदुखी, जबडा न उघडणे, गालगुंड, उचकी आणि तोंड वाकडे होणे या तक्रारींसाठी यीफेंगचा उपयोग परंपरेने सांगितला आहे.

वाहिनी सापडली नाही, तरी त्या खळग्याखाली काय आहे हे शरीररचनाशास्त्राला नेमके ठाऊक आहे. चेहऱ्याच्या स्नायूंना हालचालीची आज्ञा देणारी मज्जातंतूंची दोरी मेंदूतून निघाल्यावर कानाजवळच्या हाडातील एका अरुंद, वळणदार बोगद्यातून जाते आणि कानामागच्या हाडाच्या पुढे असलेल्या छोट्या छिद्रातून बाहेर पडते. ते छिद्र याच खळग्याच्या खोलीत आहे. कपाळाला आठ्या पाडणे, डोळा मिटणे, गाल फुगवणे, हसणे ही सारी कामे या एका दोरीवर अवलंबून. बोगद्यात तिला सूज आली तर फुगायला जागाच नसते. ती हाडात आवळली जाते आणि चेहऱ्याची एक बाजू लोळागोळा होते. स्कॉटिश शल्यविशारद चार्ल्स बेल याच्या नावावरून या व्याधीला ‘बेल्स पाल्सी’ म्हणतात. पुष्कळदा तोंड वाकडे होण्याच्या एक-दोन दिवस आधी कानामागे ठणका लागतो. चिनी वैद्याने नेमक्या त्याच जागेवर बोट ठेवले, हा निव्वळ योगायोग म्हणणे कठीण आहे. रुग्णच हात लावून दाखवत असतील, ‘इथे दुखते’ म्हणून.

आता ज्या प्रश्नासाठी हा विषय घ्यायचा, तो असा. सकाळी दात घासताना चुळीचे पाणी ओठांच्या एका कोपऱ्यातून गळते, आरशात तोंड एका बाजूला ओढलेले दिसते, एक डोळा मिटत नाही. घरात धावपळ उडते. कुणी म्हणते, अमक्या गावचा सुईवाला तीन बैठकांत तोंड सरळ करतो. कुणी म्हणते, दुकान बंद ठेवू नका, आठ दिवस मालिश करा, उतरेल. या गडबडीत जे निसटते ते वेळेचे गणित. आणि हे गणित उधारीच्या मुदतीपेक्षा कडक आहे, कारण येथे मुदतवाढ नाही.

पहिली शंका दूर करायची ती मेंदूच्या झटक्याची. कपाळाला आठ्या घालून पाहाव्यात. बेल्स पाल्सीत चेहऱ्याच्या त्या बाजूचे कपाळही हलत नाही. कपाळ दोन्हीकडे नीट हलते पण तोंड वाकडे आहे, किंवा सोबत हात-पाय लुळा पडला, बोलणे अडखळले, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. घरातली ही तपासणी डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेत नाही. तोंड वाकडे झाले की कपाळ हलो वा न हलो, त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात जायचे. सुई, मालिश, शेक यांचा विचारही त्या वेळी करायचा नाही.

झटका नाही असे डॉक्टरांनी ठरवल्यावरही ७२ तासांची मुदत उरतेच. स्कॉटलंडमध्ये ५५१ रुग्णांवर झालेली एक काटेकोर चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली. लक्षणे सुरू झाल्यापासून ७२ तासांच्या आत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलेल्यांपैकी ९४.४ टक्के रुग्ण नऊ महिन्यांनी पूर्ण बरे झाले. ज्यांना ते दिले नव्हते त्यांच्यात हे प्रमाण ८१.६ टक्के होते. म्हणजे दर शंभरांत सुमारे तेरा माणसे अशी, की ज्यांचे हसू कायमचे वाकडे राहिले असते आणि दहा दिवसांच्या गोळ्यांनी ते वाचले. मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांना आवर्जून तसे सांगावे, कारण हे औषध रक्तातील साखर वाढवते. पण साखरेच्या भीतीने औषधच टाळणे हा निर्णय घरी बसून घ्यायचा नाही. मिटत नसलेला डोळा कोरडा पडून बुबुळाला जखम होऊ शकते. म्हणून दिवसा डॉक्टरांनी दिलेले थेंब आणि रात्री पापणी मिटवून लावलेली पट्टी, ही काळजी पहिल्या दिवसापासून घ्यावी. कानात किंवा कानाभोवती पाण्याचे फोड दिसले तर तेही सांगावे. तो नागिणीच्या विषाणूचा प्रकार असतो आणि त्याचे औषध वेगळे.

‘तीन बैठकांत तोंड सरळ’ या ख्यातीचा उलगडाही येथेच होतो. बेल्स पाल्सीचे दहापैकी सुमारे सात रुग्ण कोणताही उपचार न करता काही आठवड्यांत वा महिन्यांत पूर्ण बरे होतात. म्हणून या व्याधीवर ज्याने जो उपाय केला त्याला यश आले. कुणी सुईने बरा झाला, कुणी मालिशने, कुणी नवसाने. प्रश्न उरलेल्या तिघांचा आहे, आणि ते तिघे कोण हे पहिल्या दिवशी कुणालाच ओळखता येत नाही.

मग सुईचे स्थान काय? चीनमध्ये ३३८ रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१३ साली कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात आली. सुई टोचून ती फिरवली, रुग्णाला जडपणा, झिणझिण्या, ओढ जाणवेपर्यंत चाळवली, तर नुसती टोचून ठेवण्यापेक्षा सहा महिन्यांनी चेहऱ्याची स्थिती अधिक चांगली आढळली. या जाणिवेला चिनी वैद्य ‘द छी’ म्हणतात. या बातमीत सहसा सुटून जाणारा तपशील असा, की दोन्ही गटांतील रुग्णांना स्टेरॉइडही दिले जात होते. सुई औषधाच्या जोडीला होती, औषधाऐवजी नव्हती. खुद्द चीनमधील डॉक्टर जे करतात ते न करता त्यांची फक्त सुई उचलणे, हा सौदा तोट्याचा.

एकूण ॲक्युपंक्चरविषयी बोलायचे तर पुरावा संमिश्र आहे. जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२००७) पारंपरिक बिंदूंवर सुया घेतलेल्यांपैकी ४७.६ टक्क्यांना गुण आला, बिंदू सोडून भलतीकडे उथळ सुया टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना, आणि नेहमीच्या औषध-व्यायामाने फक्त २७.४ टक्क्यांना. सुई टोचण्याला काही अर्थ आहे, पण ती नेमकी कोठे टोचली यावर फारसे अवलंबून नाही, असे ही संख्या सुचवते. काशाच्या पुतळ्यासमोर घाम गाळलेल्या त्या विद्यार्थ्यांना हे ऐकून काय वाटले असते! कानातील आवाजावर सुयांचा खात्रीचा गुण अद्याप सिद्ध झालेला नाही. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर तीही तातडीची बाब समजून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे त्याच दिवशी जावे.

जैन घरांनी एक गोष्ट आधीच विचारून घ्यावी. सुई पोलादाची आणि अग्निकर्मात जाळली जाणारी ‘मोक्सा’ ही दवण्याच्या कुळातील वनस्पती, तेव्हा या दोन्हींत हरकतीचे काही नाही. मात्र पारंपरिक चिनी उपचारात सुईबरोबर पुड्याही दिल्या जातात. तोंड वाकडे होण्यावर सर्वांत प्रसिद्ध असलेला योग ‘छ्येनचंग सान’, म्हणजे ‘ओढलेले सरळ करणारे चूर्ण’. बाराव्या शतकातील एका ग्रंथापासून तो वापरात आहे. त्यात तीन घटक असतात : एक विषारी कंद, रोगाने मरून कडक झालेले रेशमाचे किडे, आणि विंचू. पुडीवर चिनी अक्षरे असतात आणि ‘हर्बल’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. रात्रिभोजन आणि कंदमुळे टाळणाऱ्या घरात असे चूर्ण नकळत पोटात जाऊ नये, यासाठी प्रत्येक घटकाचे नाव लिहून मागणे हाच मार्ग. नाव सांगता येत नसेल तर पुडी घेऊ नये.

दुसरी बाब उपवासाची. फार भुकेल्या, तहानलेल्या, थकलेल्या, घाबरलेल्या वा रागावलेल्या माणसाला सुई टोचू नये, असा निषेध प्राचीन चिनी ग्रंथातच आहे. रिकाम्या पोटी सुई घेतल्यास भोवळ येण्याचा संभव वाढतो. पर्युषणात अठाई किंवा त्याहून मोठी तपश्चर्या चालू असता नियोजित बैठका पुढे ढकलाव्यात. पारणे होऊन आहार नेहमीसारखा झाला की पुन्हा सुरू कराव्यात. आयंबिल-एकासन असेल तर जेवणानंतर एखाद-दोन तासांनी वेळ घ्यावी आणि बसून नव्हे, आडवे होऊन उपचार घ्यावा. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर तेही सांगावे. सुई प्रत्येक वेळी नवी, बंद पाकिटातून समोर फोडलेली हवी. एकाची सुई दुसऱ्याला वापरल्यास कावीळ-बी सारखे रोग पसरतात.

भारतात ही विद्या आली ती महाराष्ट्राला जवळच्या वाटेने. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांचा तेथेच अंत झाला. त्याच पथकातील त्यांचे सहकारी डॉ. बिजॉय कुमार बसू परतले, पुढे पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ मध्ये त्यांनी कलकत्त्यात तो उपचार सुरू केला. महाराष्ट्रात यासाठी २०१५ चा स्वतंत्र अधिनियम आहे आणि त्याखाली परिषदेकडे चिकित्सकांची नोंदणी होते. सुई टोचून घेण्यापूर्वी नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच वाटू नये. सोने घेताना हॉलमार्क पाहणारा ग्राहक येथे डोळे मिटतो, हे विचित्रच. यीफेंगच्या खाली चेहऱ्याचा मज्जातंतू आहे, आणखी खोलवर मोठ्या रक्तवाहिन्या. फेंगचीवर चुकीच्या दिशेने खोल गेलेली सुई मेंदूच्या तळापर्यंत पोहोचू शकते. ‘सुईच तर आहे’ असे म्हणण्याची ही जागा नव्हे.

बोटाने दाबणे मात्र घरी करता येते. दिवसभर दुकानात फोन कानाला आणि मान एका खांद्याकडे झुकलेली, हिशेबाच्या वेळी दात आवळलेले, अशा माणसाचा जबडा आणि कानामागचा भाग संध्याकाळी दुखतो. त्याने पाठ टेकून बसावे, तोंड किंचित उघडे ठेवावे, तर्जनीचे टोक पाळीमागच्या खळग्यात ठेवून सहन होईल इतक्या दाबाने, श्वास सावकाश सोडत, अर्धा-एक मिनिट दाबावे, नंतर दुसरी बाजू. बोट खाली घसरून मानेच्या पुढच्या बाजूला, जेथे नाडी लागते तेथे जाऊ देऊ नये. वयस्कांना तेथील दाबाने भोवळ येते. झोप लागत नसेल तर यीफेंग आणि फेंगची यांच्या बरोबर मधोमध ‘आनम्येन’ हा बिंदू आहे. ‘आन’ म्हणजे शांत, ‘म्येन’ म्हणजे निद्रा. तो कोणत्याही वाहिनीवर नाही, प्रमाण ३६१ बिंदूंतही नाही. निद्रानाशावरील चाचण्यांचा दर्जा अजून कच्चा आहे. तरीही दिवे मालवून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, दोन्ही अंगठ्यांनी कानामागे हलकेच चोळण्यात नुकसान काही नाही. आणि फोन दुसऱ्या खोलीत गेला, याचाही गुण येतोच.

कानामागचे हाड लाल झाले, सुजले, ताप आला, कान पुढे ढकललेला दिसू लागला, विशेषतः कान फुटलेल्या मुलामध्ये, तर त्या जागेला बोटही लावू नये. तो हाडातील पू असतो आणि त्याला रुग्णालयच लागते.